दुसरी दांडी

शून्य अंश

ग्रीसचा डबा टेबलावर ठेवला होता. त्याला आता डबा म्हणायचं ते केवळ जुन्या ओळखीखातर. सकाळी तो वीतभर उंच होता, आता दोन बोटं उरला होता. झाकण तळाला जाऊन भेटलं होतं आणि कडेनं ग्रीस बाहेर आलं होतं, कुणी वाकुल्या दाखवत जीभ काढावी तसं.

हा डबा दादाच्या गुडघ्याशी होता. गुडघा तेवढा फडकं आणायला बाहेर आला.

"फडकं," वहिनी म्हणाली. चौथ्यांदा. "एका फडक्यापायी."

शेडमागच्या ऑफिसच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि आज पाचही भरल्या होत्या. असं याआधी कधी झालं होतं ते ताईनं आठवून पाहिलं आणि लगेच आठवणं थांबवलं. खिडकीतून आवारातला डंपर दिसत होता. त्याचा हौदा चासीवर अगदी सपाट बसला होता, जन्मात कधी उठलाच नसल्यासारखा.

घडलं ते इतकंच. गिऱ्हाइकाचा डंपर ग्रीसिंगला आला होता. हौदा पंचेचाळीस अंशांवर उचलून दादा त्याच्याखाली शिरला, जॅकच्या बिजागरीत ग्रीस भरायला. शिरताना रीतीप्रमाणं, हौदा खाली घेणाऱ्या वॉल्व्हची दांडी उपसून त्यानं खिशात घातली. हात बरबटले म्हणून फडकं शोधायला तीन पावलं बाहेर आला. तिसरं पाऊल पुरतं टेकलं नव्हतं, तेवढ्यात पाठीमागं हौदा बसला.

दांडी दादाच्या खिशात होती. अजून आहे.

आणि दांडी वॉल्व्हमध्येही होती.

सात अंश

(सात अंशांवर हौदा उचलला गेलाय हे बाहेरच्याला कळतही नाही. फक्त आतली माती सरकायला लागते.)

ड्रायव्हर बाहेर टायरवर बसला होता. त्याला पाणी दिलं होतं. अर्ध्या तासात त्यानं एकच गोष्ट सहा वेळा सांगितली होती.

"मी दोनदा हाक मारली हो. आत लेथ चालू होता. कुणी ओ दिली नाही, म्हटलं चहाला गेले असतील. गाडी जरा पुढं घ्यायची होती. माझ्याकडची दांडी घातली आणि फिरवली."

"तुझ्याकडची?" दादानं विचारलं होतं.

"छोट्या शेठनी दिलेली."

छोटे शेठ म्हणजे टिल्लू. वय चव्वेचाळीस, डोक्याला टक्कल, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही गळलं नव्हतं. डंपरचे जॅक बनवायचा घरचा धंदा: दादा हात काळे करायचा, टिल्लू गिऱ्हाइकं सांभाळायचा, मधली ताई लेथवर उभी राहायची. लग्न करून गेली होती, सहा वर्षांत परत आली, आणि परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी लेथपाशी जाऊन उभी राहिली. तिला कुणी काही विचारलं नाही. या घराची ती एक चांगली सवय होती. वाईटही तीच.

लेथ तिचा होता. ड्रायव्हरची हाक त्याच लेथनं गिळली होती. हे अजून कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

"बोल," दादा टिल्लूला म्हणाला.

टिल्लू बोलण्यात कधी हार जाणारा नव्हता. आज त्याची सुरुवातच होईना.

"दादा, माणसं दांडी हरवतात," तो शेवटी म्हणाला. "हौदा वर, दांडी गायब, गाडी भर रस्त्यात. शिव्या कुणाला? मला. तू फोन उचलत नाहीस, मी उचलतो. मागं एकानं स्पॅनर घालून फिरवायला बघितलं, वॉल्व्हच फोडला. लोक म्हणतात, दुसऱ्यांच्या जॅकला बटण असतं, दाबलं की खाली. आपल्याकडं काय, तर राजाच्या मुद्रेसारखी एकच दांडी."

"एकच. का एकच?"

"मला माहितीय का ते."

"तरी सांग. मोठ्यानं सांग. नाना बसलेत समोर."

नाना, तिघांचे वडील, भिंतीकडच्या खुर्चीत होते. डोळ्यांत तीन वर्षांपासून दूध सांडल्यासारखं झालं होतं. आवाज आला की ते मान वळवायचे. आज वळवली नाही.

टिल्लूनं सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी दांडी वॉल्व्हलाच जोडलेली असायची. तेव्हा हौदा असाच बसला होता, आणि काकांना फडक्याची आठवण झाली नव्हती. काका म्हणजे नानांचा पाठचा भाऊ. तो पाणी प्यायला गेलाय असं समजून दांडी फिरवणारा हात नानांचा होता. ती दांडी नानांनी त्याच संध्याकाळी करवतीनं कापून काढली. पुढच्या प्रत्येक जॅकला सुटी दांडी आली, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला नानांनी स्वतः कानशीनं घासलेला चौकोन. एकाचं माप दुसऱ्याला नाही. एका वॉल्व्हला एकच दांडी. खाली जाणारा ती बरोबर घेऊन जाणार. शेडच्या भिंतीवर आणि विकलेल्या प्रत्येक जॅकवर पत्र्याची पाटी:

दांडी खिशात, जीव खिशात.

"मला काय घेऊन बसावं लागलं असतं, भाऊजी?" वहिनी टिल्लूला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "हा डबा?"

"वहिनी, मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

दादा उठला आणि पुन्हा बसला. मघापासून त्याचं हेच चाललं होतं. त्याला बसता येत नव्हतं, आणि उभं राहिलं की गुडघे आठवत होते.

"उद्यापासून हा शेडमध्ये नको," तो म्हणाला. "हा तरी, नाहीतर मी तरी. नाना, तुम्ही ठरवा."



तीस अंश

(तीस अंशांवर माती घसरते. एकदा घसरली की थांबवता येत नाही.)

दादानं वॉल्व्हमधून काढलेली दांडी टेबलावर ठेवली. मग खिशातली काढून तिच्याशेजारी ठेवली. जुळी भावंडं. एक वापरून गुळगुळीत झालेली, दुसरी कोरी.

"कुणी बनवली?"

"बाहेरून करून घेतली," टिल्लू म्हणाला. लगेच. फार लगेच.

ताईनं दांडी उचलली. उचलायला नको होती. हाताला सगळं आधी कळतं. मुठीवर पकडीसाठी कोरलेली बारीक जाळी होती आणि ती जाळी किंचित उजवीकडं झुकलेली होती. ताई डावखुरी. तिच्या हातची जाळी अशीच झुकायची. दादा त्यावरून तिला चिडवायचा, "तुझ्या दांड्यांना वारा लागतो का गं?"

मागच्या हिवाळ्यात टिल्लूनं बारा नग सांगितले होते. बारा गोल दांड्या, मुठीवर जाळी, टोक कोरं ठेव. तिनं दोन दिवसांत करून दिल्या. बारा नव्या ऑर्डरी कुठं होत्या? त्या हिवाळ्यात तीन जॅक गेले होते, तेही जुन्या साठ्यातले, रडतखडत. तिला ते माहीत होतं. तिनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर टिल्लूनं थाप मारली असती, आणि त्याची थाप तिला लहानपणापासून ओळखता यायची. म्हणूनच विचारलं नव्हतं.

आता टिल्लू तिच्याकडं बघतही नव्हता. तिला झाकत होता.

"बाहेरून नाही," ताई म्हणाली. "माझी आहे."

वहिनीनं मान वळवली. दोघींचं सख्य होतं. दुपारचा चहा दोघी एकाच कपातला वाटून घ्यायच्या.

"तुमची?"

"दांडी मी केली. कशाला हवी ते विचारलं नाही."

"ताई, गप्प बस ना," टिल्लू म्हणाला.

"तू गप्प बस. एवढी वर्षं बोललास ते पुरे झालं."

वहिनीनं ताईच्या हातातून दांडी काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तशी. "मला वाटलं होतं, या घरात निदान तुम्हाला तरी डोकं आहे," ती म्हणाली. ताईला ते लागलं, आणि लागायला हवं होतं तेवढंच लागलं.

दादा मात्र ताईकडं बघत नव्हता. त्यानं वहिनीकडून दांडी घेतली आणि टोक खिडकीच्या उजेडात धरलं. चौकोनाच्या चारही कडांवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"दांडी हिची," तो सावकाश म्हणाला. "चौकोन कुणाचा?"



"बाहेर—" टिल्लू म्हणाला.

"टिल्लू, मी एकतीस वर्षं हे चौकोन भोकात घालतोय. कोपरा असा मारलेला आहे की वॉल्व्हमध्ये जाताना हाताला गार लागतो. मशीनवर असा होत नाही. बाहेरच्या माणसाला असा येत नाही. मला येत नाही." त्यानं दांडी टेबलावर ठेवली. "हे करणारा माणूस जगात एकच आहे."

आता सगळे नानांकडं बघत होते. नानांना दिसत नव्हतं, पण ते त्यांना कळलं. त्यांनी पायांतल्या चपला नीट जुळवल्या.

"चांगला झालाय ना?" त्यांनी विचारलं.



"त्यांचा काही दोष नाही," टिल्लू म्हणाला. "दादा, त्यांना दिसत नाही. मी नुसत्या मापपट्ट्या दिल्या, म्हटलं नवीन ऑर्डरच्या आहेत. त्यांना काय कळणार?"

प्रत्येक जॅकची एक पितळी मापपट्टी असायची. त्या जॅकच्या चौकोनाचं माप तिच्यात कापलेलं. खणात ओळीनं ठेवलेल्या, पहिल्या जॅकपासूनच्या सगळ्या.

"दिसत नाही," नाना म्हणाले. "पट्टीवर जॅकचा नंबर कोरलेला असतो. मीच कोरलेला. तो बोटाला लागतो."

"नाना—"

"पहिल्याच पट्टीला कळलं मला. एकशे चाळीस नंबर. खाणीवरचा. पाच वर्षांपूर्वी गेलेला. त्याची दांडी मी तेव्हाच घासून दिली होती." ते थांबले. "म्हटलं, ही दुसरी."

ताईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं दादाकडं बघितलं. दादाचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"मग बोलला का नाहीत?" वहिनीनं विचारलं. सासऱ्यांना असं थेट काही विचारायची ही तिची पहिलीच वेळ असावी.

नानांनी मांडीवर दोन्ही हात उलटे ठेवले. तळवे वर. कानशीचे जुने घट्टे अजून तिथं होते, पण मऊ पडले होते, भिजवलेल्या साबणासारखे.

"दोन वर्षं कुणी काही काम सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "नाना, बसा. नाना, ऊन लागेल. नाना, तिकडं वायर आहे. सगळे चांगलेच बोलत होते. मग हा एक दिवस आला, म्हणाला, नाना, बारा नग आहेत, जमेल का." ते किंचित हसले. ते हसू त्या खोलीत कुणाला बघवलं नाही. "विचारलं असतं तर काम थांबलं असतं."

"तुम्हाला काका नाही आठवले?" दादानं विचारलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

"प्रत्येक चौकोनाला आठवला."

दादानं कपाळ हातावर टेकलं. टिल्लू उठून खिडकीशी गेला. एकमेकांचं तोंड बघायचं नाही असं दोघांनी मघाशी ठरवलं होतं, आणि आता दोघांनाही नानांचं तोंड बघायचं नव्हतं.

ताई मात्र एका शब्दावर अडकली होती. बाकीचे नानांच्या शेवटच्या वाक्याशी थांबले होते, ती त्याआधीच्या एका आकड्याशीच राहिली होती.

बारा.

एकतीस अंश

"टिल्लू," ती म्हणाली. "बाकीच्या कुठं आहेत?"

"काय?"

"बारा केल्या. एक टेबलावर आहे."

टिल्लू खिडकीशीच उभा राहिला. त्याच्या मानेचा रंग उतरताना ताईनं मागून पाहिला.

अकरा गाड्या. अकरा माणसं, आज, आत्ता, दुपारी तीन वाजता, दांडी खिशात घालून निर्धास्त हौद्याखाली शिरणारी. आणि प्रत्येक गाडीच्या केबिनमध्ये कुठंतरी, सीटखाली नाहीतर पान्यांच्या पिशवीत, तिच्या हातची जाळी आणि नानांच्या हातचा चौकोन.

दादानं डोकं वर केलं. "गिऱ्हाइकांची डायरी आण," तो म्हणाला.

पंचेचाळीस अंश, जवळजवळ

डायरी टेबलावर उघडली गेली तेव्हा दादाचा चष्मा सापडेना. टिल्लूनं स्वतःचा काढून दिला. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दोन भाऊ, मध्ये एक डायरी, दोघांच्या डोक्यांमध्ये चार बोटांचं अंतर. चार फोन, अकरा नंबर.

"हो, दुसरी. ती वापरायची नाही. नाही, तुटलेली नाही. चांगलीय म्हणूनच वापरायची नाही."

"अहो, सोयीची असेल. असू दे सोयीची. गाडीतून काढून घरी ठेवा. आमचा माणूस येतो न्यायला."

"मी छोट्या शेठची वहिनी बोलतेय. आमचे हे ठीक आहेत. तुम्हीही ठीक राहा, म्हणून फोन केलाय."

"कोण येणार? मी येणार," दादा म्हणाला, मग डायरीवरून मान न उचलता, "आम्ही दोघं येणार." टिल्लूनं पुढचा नंबर लावला. तो दोनदा चुकला.

नाना मान इकडून तिकडं वळवत एकेक फोन ऐकत होते आणि झालेल्या प्रत्येक फोनला मांडीवरचं एक बोट मिटत होते. दहा बोटं मिटली. दोन्ही मुठी बंद झाल्या, अकराव्यासाठी बोट उरलं नाही.

अकरावा उचलत नव्हता.

"कुठला राहिला?" नानांनी विचारलं.

"एकशे चाळीस," टिल्लू म्हणाला.

ताईनं स्वतःच्या फोनवरून लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. चपट्या डब्याशेजारी. सात वेळा वाजला. आठव्याला कुणी उचलला. मागं दगड फोडणाऱ्या मशीनचा आवाज येत होता.

"बोला ताई," खाणीवरचा मुकादम मोकळ्या आवाजात म्हणाला. "आज कशी आठवण झाली?"

"एकशे चाळीस नंबरची गाडी कुठंय?"

"ही काय, समोरच. हौदा वर करून ठेवलाय. आमचा फिटर खाली घुसलाय, तेल गळतंय म्हणाला."

वहिनीनं तोंडावर हात ठेवला.

"दांडी कुणाकडं आहे?"

"एक त्याच्या खिशात. शिस्त आहे ना तुमची. दुसरी ही काय माझ्या हातात. तो ओरडला की हौदा खाली घ्यायचाय, म्हणून घालूनच ठेवत होतो."

टिल्लू ओरडायला निघाला होता. दादानं त्याचं मनगट धरलं. ताईला ओरडावंसं वाटत नव्हतं. तिचा आवाज तिला लांबून ऐकू आला, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"काका, माझं एक काम करा. ती दांडी भोकातून काढा. काढली?"

"काढली. काय झालं हो?"

"आता ती हातात धरून गाडीपासून वीस पावलं चाला. मोठ्यानं मोजत चाला. मला ऐकू आलं पाहिजे."

"चेष्टा करताय का गरिबाची?"

"मोजा, काका."

मुकादम हसला आणि मोजायला लागला. एक. दोन. मशीनच्या घरघरीत मधले आकडे बुडत होते. सातनंतर एकदम दहा ऐकू आला. नानांच्या मुठी घट्ट होत्या. तेरा. चौदा. दादानं टिल्लूचं मनगट अजून सोडलं नव्हतं. सतरा. एकोणीस.

"वीस. आता?"

"आता त्याला बाहेर बोलवा."

मुकादमानं हाक मारली. एकदा. मग पुन्हा. नुसती घरघर. ताईला स्वतःचा लेथ आठवला. तिसऱ्या हाकेनंतर बराच वेळ गेला. निदान या खोलीत तरी बराच गेला. मग एक तरुण, धापा टाकणारा आवाज अगदी जवळ आला.

"कोण आहे? काय झालं?"

नानांनी हात पुढं केला आणि टेबल चाचपलं. बोटं आधी चपट्या डब्यावर पडली. तिथं ती थांबली, त्याची जाडी मोजली, मग पुढं सरकून फोन शोधला.

"बाळा," ते म्हणाले. "मी नाना, जॅकवाला. हौद्याला टेकू लावला होतास?"

"टेकू? नाही नाना. दांडी खिशात होती की. मग टेकू कशाला?" पोरगा जरा दुखावला होता. "तुमच्याच पाटीवर लिहिलंय."

दादानं टिल्लूचं मनगट सोडलं. टेकू त्यानंही लावला नव्हता. एकतीस वर्षांत एकदाही लावला नव्हता.

नानांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला.

"लिहिणारा चुकला, बाळा," ते म्हणाले. "पाटी काढून टाक. टेकू लाव."